सायबना गडी

मार्च लागला की जळगावात आधी पत्रे तापतात आणि मग मुलं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, पण माझ्या दारात चपलांचा ढीग असतो. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी ही मुलं वर्षभर मला चुकवतात आणि परीक्षा तोंडावर आली की घर शोधत येतात. रावेरकडची असली तर केळीची फणीही घेऊन येतात. रिकाम्या हाताने शंका विचारू नये, असं त्यांच्या घरी शिकवलेलं असावं. मी फणी ठेवून घेते आणि आधी सगळ्यांना रागावून घेते, मग शंकांकडे वळते.

यंदा त्यांच्या हातात ती कादंबरी आहे. मध्यंतरी ती अभ्यासक्रमातून गेली होती, आता परत आली. मी तिचं नाव सांगणार नाही. नेमलेल्या पुस्तकाचं नाव काढलं की लोकांना पुस्तक आठवत नाही, मार्क आठवतात. इंग्रजांच्या काळात एका इंग्रजानेच लिहिलेली, थोर म्हणून मान्यता पावलेली कादंबरी. जंगलखात्याचा एक गोरा साहेब आणि त्याला इथली भाषा शिकवणारा एक मुन्शी. दोघांची आयुष्यभराची सोबत. शेवटी साहेब कायमचा मायदेशी निघतो आणि बोटीत चढताना, धक्क्यावर उभ्या असलेल्या मुन्शीला म्हणतो की या देशात माझा मित्र तूच एक होतास. एवढीच गोष्ट. बाकी जंगल, पाऊस, ताप आणि वाघ.

परवा त्या मुलांतल्या एकीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि सरळ विचारलं, "मॅडम, मैत्री खरी लिहायची की खोटी? मार्क कशाला आहेत?"

बाकीची मुलंही पेन सरसावून बसली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नाकात एकदम बिबड्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांच्या, घाट्याचा वास आला. ज्वारीचा, लसणाचा, तिळाचा, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातून येणारा. घरात चहाशिवाय काही शिजत नव्हतं. मी मुलांना म्हटलं, उद्या सांगते. मुलांना वाटलं, मॅडमला येत नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात होते, वसतिगृहात राहत होते आणि परीक्षेआधीच्या सुट्टीत पुस्तकांचं गाठोडं घेऊन साक्रीवरून पुढे पिंपळनेरकडे, घरी आले होते. घर म्हणजे डाक बंगल्यामागच्या दोन खोल्या. बंगल्याच्या फाटकावर विश्रामगृह अशी पाटी होती, पण सगळे त्याला नुसतं बंगला म्हणत. इंग्रजांनी बांधलेला, जाड भिंतींचा, कौलारू. आतल्या तुळईला पंख्याच्या दोरीच्या कड्या तशाच होत्या. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे चौकीदार होते. चौकीदार म्हणजे खानसामा, माळी, झाडूवाला आणि साहेबांचा ताप उतरेपर्यंत जागणारा माणूसही तेच. व्हरांड्यात लांब हातांची एक आरामखुर्ची होती. आबा ती रोज सकाळी पुसत. पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत, मग थोडी तिरकी करत. तीत बसलेले मात्र मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मीही अभ्यासाला व्हरांड्याच्या पायरीवर बसे. खुर्चीत बसू नको असं कोणी सांगितलं नव्हतं, पण काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

त्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या बायका बंगल्याच्या मागच्या अंगणात बिबडे घालायला येत. अंगणाला दगडी फरशी होती, धूळ नव्हती, आणि साहेबलोक उन्हाळ्यात फारसे फिरकत नसत. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी बिबडे वाळून डब्यात गेले पाहिजेत, असा वस्तीचा अलिखित कायदा होता. तांबडं फुटायला चूल पेटे. घाटा शिजला की ओल्या फडक्यावर हाताने थापायचा आणि पसरलेल्या धोतरावर अलगद उलटा करायचा. पलीकडच्या मोहाखाली फुलं पडलेली असत आणि त्यांचा गोडसर वास घाट्याच्या वासात मिसळे. मी पायरीवर बसून पाठ करत असे, आणि एक वाटी घाटा, वरून कच्चं तेल घालून, माझ्याकडे सरके. आजही मला इंग्रजी वाङ्मय म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, त्याचं कारण हे आहे.

आम्हालाही हीच कादंबरी नेमलेली होती आणि मतांची मला त्या काळी मुळीच ददात नव्हती. कॉलेजातल्या सरांचं मत होतं की ही कादंबरी म्हणजे मानवतेचा विजय. गाइडचं मतही तेच होतं, फक्त मुद्दे पाडलेले होते. पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये साहेब आणि मुन्शी हा पूल आहे, असं त्यात ठळक छापलं होतं आणि सर म्हणाले होते, "पूल हा शब्द आला पाहिजे. तपासणारा पूल शोधतो." वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण शेवटच्या पानावर इतकी रडली होती की तिच्या पुस्तकाची ती पानं फुगून राहिली. तिचं मत असं की इतकं प्रेम नवराबायकोतही नसतं. मलाही ती आवडली होती. मी पूल लिहिणार होते. मला एम.ए. करायचं होतं, त्यासाठी किमान सेकंड क्लास लागत होता, आणि क्लास त्या एका पेपरावर अडला होता. आमच्या घरात त्याआधी कॉलेजच्या पायरीवर कोणी पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळे पुलावरून मुकाट्याने पलीकडे जाणं मला शहाणपणाचं वाटत होतं.

घोटाळा फुईने केला. फुई म्हणजे माझी आत्या. आबांपेक्षा मोठी, बिबडे थापण्यात आणि माणसं उलटी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझी घोकंपट्टी ऐकून ती कंटाळली.

"काय वाचस व एवढं?" ती म्हणाली. "आमले बी सांग ना."

मी गोष्ट सांगू लागले. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. पुस्तकात मुन्शीला साहेबाचा 'कम्पॅनियन' म्हटलं होतं. आता याला काय म्हणावं? सोबती म्हटलं तर भजनातला वाटतो, मित्र म्हटलं तर पाठ्यपुस्तकातला. हुतूतू खेळताना आम्ही पोरी आपल्या बाजूच्या पोरीला गडी म्हणायचो. तू माझी गडी, आपण एका बाजूच्या. मला तोच शब्द जवळचा वाटला. मी म्हटलं, "एक सायब शे, आन त्याना एक गडी शे."

बायकांनी माना डोलावल्या. रोज सकाळी बिबडे घालता घालता गोष्ट पुढे सरकू लागली. वाघाच्या प्रकरणात दोन बिबडे फाटले. बायकांना साहेब आवडला. बरा माणूस शे, शिव्या देत नाही, असं त्यांचं मत पडलं. मुन्शी तर सगळ्यांचा लाडका झाला. फक्त मधूनच त्या असं काही विचारत की मी गोंधळून जाई. फुईने विचारलं, "सुट्टी देस का सायब त्याले?" शेजारच्या हिराक्काला काळजी होती, "एवढा येळ तो सायबकडे ऱ्हास, त्यानी बायको काय सांगस?" मला वाटे, खेड्यातल्या बायका, त्यांना कादंबरी कशी ऐकावी ते कळत नाही.

बोटीचा प्रसंग आला त्या सकाळी मी आवाज जरा कापरा केला. साहेब म्हणतो, माझा दोस्त तूच होतास. मी थांबले. मैत्रीण जिथे रडली होती ती जागा.

फुईने हातातला बिबडा धोतरावर उलटा केला आणि म्हणाली, "आते जावाना टाइमले आठवनं का त्याले?"

"व फुई, तो पहिलापाईन दोस्तच शे त्याना," मी म्हटलं.

"तूच ते सांगं, गडी शे म्हनीसन."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हुतूतूतला गडी सांगत होते, आणि या बायका इतके दिवस शेतावरचा, मालकाघरचा गडी ऐकत होत्या. सगळं अंगण हसलं. मीही हसले. मग मी नीट समजावलं की तो नोकर नाही, मित्र आहे, साहेब त्याला मित्रच मानतो, पुस्तकात तसं लिहिलेलं आहे.

फुईचं हसू ओसरलं. तिने जरा विचार केला. "दोस्त शे ते मंग तो बसस कोठे?"

"म्हणजे?"

"सायब खुर्चीवर बसस, तू सांगं. हाऊ कोठे बसस?"

हिराक्का म्हणाली, बसत असेल कुठेतरी, पुस्तकात सगळंच थोडं लिहितात. फुई म्हणाली, वाघाच्या मिशा लिहिल्या आणि बसणं लिहिलं नाही होय. त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली आणि घाटा खाली लागला.

मला फुईचा खरोखर राग आला. जन्मात इंग्रजी अक्षर न पाहिलेली बाई थोर कादंबरीला खुर्ची विचारते. तिला खोटं पाडायचं या एकाच हेतूने मी त्या दुपारी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. अशा जिद्दीने मी आजवर दुसरं कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही. बाहेर गरम वारा पाचोळा फिरवत होता, घामाने पानं बोटांना चिकटत होती, आणि मी बसलेला मुन्शी शोधत होते. व्हरांड्यातल्या चहाच्या वेळी तो उभा आहे. साहेबाला भाषा शिकवताना गुरू उभा आणि शिष्य बसलेला आहे. तंबूत नकाशा पाहताना तो कंदील धरून उभा आहे. एका ठिकाणी तर लेखकाने मोठ्या प्रेमाने सांगितलं आहे की मुन्शीला उभं राहणंच आवडत असे. पुस्तक संपत आलं तेव्हा एकदाचा तो मला सापडला. साहेबाला ताप आला आहे आणि मुन्शी रात्रभर त्याच्या पलंगाशी बसून आहे. मी पुस्तक घेऊन अंगणात धावले.

"बसस व फुई! जमीनवर बसस!"

फुई वाळलेले बिबडे गोळा करत होती. तिने वर पाहिलंही नाही. "जमीनवर ते आपन बठ्ठ्याच बसतस."

इतक्यात मला दिसलं की आबा मागच्या दारात उभे आहेत. त्यांच्या खांद्यावर खुर्ची पुसायचं फडकं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तसेच आत गेले आणि पाण्याचे माठ भरू लागले.

इथे मला मोठ्या साहेबांबद्दल सांगायला हवं. ते इंजिनिअर होते, रस्त्यांची पाहणी करायला वरचेवर यायचे आणि बंगल्यात उतरायचे. भला माणूस. माझी इंग्रजी डिक्शनरी त्यांनीच दिलेली. बरोबरच्या अधिकाऱ्यांसमोर आबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "सुकदेव म्हणजे आमचा दोस्त." आबांना याचा केवढा अभिमान. साहेबांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली तेव्हा ती आबांनी आठवड्याच्या बाजारात खिशात घालून नेली होती, सहज कोणी विचारलं तर असावी म्हणून. नवं धोतर, नवी टोपी घालून ते नाशिकला लग्नाला गेले. परतल्यावर सांगत होते, "एवढा पाव्हना, पन सामाननी किल्ली माले दिधी." सामानाची खोली, तीत दागिने, आहेर, सगळं, आणि त्या खोलीची किल्ली लग्नभर आबांच्या कमरेला. हे ते कितीतरी दिवस सांगत राहिले आणि आम्हीही कौतुकाने ऐकत राहिलो.

तर बिबड्यांच्या त्याच हंगामात मोठे साहेब अचानक आले. फाटकापाशी जीपचा आवाज झाला आणि बायकांनी ओले बिबडे धोतरांसकट उचलून मोहाखाली नेले. बरेचसे एकमेकांना चिकटले. साहेब आरामखुर्चीत बसले, त्यांनी लांब हातांवर पाय टाकले आणि पायरीवरचं माझं पुस्तक पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, ही तुम्हाला आहे? आम्हालाही होती. अप्रतिम. तो शेवट काय आहे! अशी माणसं आता राहिली नाहीत." मग ते आबांकडे पाहून मनापासून हसले. "मी आणि सुकदेव तसेच आहोत बघ."

आबा चहाचा ट्रे घेऊन खुर्चीच्या मागे उभे होते. तेही हसले.

फुईच्या प्रश्नाचं उत्तर समोर उभं होतं, हातात ट्रे घेऊन. मुन्शी गडी असेल, तर मग आबा कोण? आणि ती पत्रिका, ती किल्ली? मला साहेबांचा राग आला नाही, ते खोटं बोलत नव्हते. मला आबांच्या हसण्याचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली आणि डोळे भरून आले. साहेब म्हणाले, "परीक्षेचं टेन्शन दिसतंय." मी हो म्हटलं.

पण त्या क्षणी एक गोष्ट पक्की झाली. मी पूल लिहिणार नव्हते.

धुळ्याला परीक्षेच्या खोलीत पंखा नुसताच कुरकुरत होता. प्रश्न आला, अपेक्षेप्रमाणे तोच. साहेब आणि मुन्शी यांची मैत्री खरी आहे का, चर्चा करा. मी लिहिलं की ही एका शब्दाची गोष्ट आहे. आमच्या भाषेत एक शब्द आहे, ज्याचा अर्थ सवंगडीही होतो आणि नोकरही. साहेब मुन्शीला नोकराच्या अर्थाने धरतो, मुन्शी स्वतःला दुसऱ्या अर्थाने समजतो, आणि जन्मभर त्याला हे कळत नाही. मुन्शी फसला आहे. इंग्रजीत तो शब्द मावेना. सरांनी बजावलं होतं की इंग्रजीच्या पेपरात देवनागरी दिसली की तपासणाऱ्याचं डोकं फिरतं. मी क्षणभर पेन उचलून धरलं आणि मग इंग्रजी ओळीच्या मधोमध, ठसठशीत, देवनागरीत लिहिलं: गडी.

डोकं फिरलं असावं. निकाल लागला, मी पास झाले, पण त्या पेपरात मार्क इतके कमी पडले की क्लास गेला. सर म्हणाले, "पूल होता ना बाई समोर, नदीत कशाला उतरलीस?" घरी आल्यावर फुई माझ्यासाठी साक्रीकडचं एक स्थळ आहे असं बोलू लागली. मग एका संध्याकाळी, बंगला रिकामा होता, व्हरांड्याच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन आबा बसले.

"काय लिखं व्हतं तू, ते सांग."

मला सांगायचं नव्हतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मी काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. पण ज्या उत्तरापायी क्लास घालवला, ते त्यांच्यासमोर बोलता येत नसेल तर लिहिलं तरी कशाला? मी सगळं सांगितलं. साहेब, मुन्शी, खुर्ची, शब्द. "मुन्शीले समजनं नही, आबा," मी म्हटलं. "सायब त्याले गडी समजे, आन हाऊ सोताले दोस्त समजे."

आबांनी समोरच्या मोहाकडे पाहिलं.

"समजनं नही, असं कोन सांगं तुले?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "लगीनमा किल्ली दिधी, तवय मी येडा व्हतू का? किल्ली गडीले देतस. पाव्हनाले कोन देस? माले माहीत व्हतं."

"त्यानी गडीले दिधी," आबा म्हणाले. "मी दोस्त म्हनीसन लिधी."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, खुर्ची उगाच थोडी तिरकी केली आणि विचारलं, "परीक्षेले परत बसता येस का?"

"येस."

"मंग बस."

मी वर्षभर घरीच राहिले. फुईच्या स्थळाला आबांनीच नकार कळवला. मी सकाळी आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि दुपारी इंग्रजी घासलं. पुढच्या हंगामात त्याच दगडी अंगणात पुन्हा बिबडे पडले, आणि मी धुळ्याला क्लाससाठी पुन्हा बसले. प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत, पण तोच होता. मी पुन्हा तो शब्द देवनागरीतच लिहिला, त्याच जागी, ओळीच्या मधोमध. मात्र मुन्शी फसला हे वाक्य या वेळी नव्हतं. त्याच्या जागी मी लिहिलं की मुन्शीला दोन्ही अर्थ माहीत होते, साहेबाला एकच. धक्क्यावर साहेब जे शेवटी म्हणाला, ते मुन्शीने फार आधी, काहीच न म्हणता, एकट्याने करून ठेवलं होतं. या वेळी क्लास मिळाला. तपासणारा वेगळा होता की माझं इंग्रजी सुधारलं होतं, मला माहीत नाही. सर एवढंच म्हणाले, "तू ऐकणार नाहीसच."

मोठे साहेब निवृत्त झाले, आबाही झाले. आता आबा माझ्याकडे जळगावला असतात. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून पेपरातले फोटो बघतात. मुलं आली की पाय जवळ घेतात, पण उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलं परत आली. टोपण काढलेलं पेन तसंच. "मॅडम, खरी की खोटी?"

मी म्हटलं, खरी होती. पण मैत्री खरी की खोटी एवढंच विचारून चालत नाही, ती कोणी केली हेही विचारावं लागतं. ही एकट्या मुन्शीने केली होती.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या मुलीने लिहायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "मॅडम, हे गाइडमध्ये आहे?"

"नाही," मी म्हटलं. "लिही."